शेवगा हरभऱ्याच्या झाडावर

औषधाच्या दुकानात, खोकल्याच्या गोळ्यांच्या बरणीशेजारी, हल्ली हिरव्या भुकटीचं एक पाकीट उभं असतं. त्यावर छापलेलं असतं: संत्र्याच्या सातपट क जीवनसत्त्व, पालकाच्या पंचवीसपट लोह, दुधाच्या सतरापट कॅल्शियम, केळ्याच्या पंधरापट पोटॅशियम. भुकटी शेवग्याच्या पाल्याची. त्याच गल्लीच्या टोकाला बहुधा शेवग्याचं एक झाडही असतं. पावसाळ्यात त्याच्या खोडावर केसाळ सुरवंटांचे पुंजके दिसले, की सोसायटीच्या सभेत ते झाड तोडायचा ठराव येतो आणि एकमतानं मंजूर होतो.

पाला खरंच इतका गुणी असेल तर फुकटचा पाला सोडून लोक पाकीट का घेतात? आणि पाकिटावरचं खोटं असेल तर इतके नेमके आकडे आले कुठून? गंमत अशी, की यातला एकेक आकडा कुठल्या ना कुठल्या तक्त्यात सापडतो. फक्त हे सगळे आकडे एकाच पदार्थाचे नाहीत.

सातपट कशाच्या, पंचवीसपट कशाच्या

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं भारतीय अन्नपदार्थांचे तक्ते बनवले. डॉ. सी. गोपालन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं त्यावरचं पुस्तक आहारशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या वापरलं. त्यात १०० ग्रॅम ताज्या शेवग्याच्या पानांत क जीवनसत्त्व २२० मिलीग्रॅम आणि १०० ग्रॅम संत्र्यात ३० मिलीग्रॅम दिलेलं आहे. भागाकार केला की सातपट येतं. म्हणजे सातपट हा आकडा झाडावरून नुकत्याच खुडलेल्या ओल्या पानाचा झाला.

पंचवीसपट लोहाची गोष्ट निराळी. वाळवून दळलेल्या पानांच्या १०० ग्रॅम भुकटीत २८ मिलीग्रॅमच्या आसपास लोह आढळलं. त्याच भारतीय तक्त्यात १०० ग्रॅम ताज्या पालकाचं लोह १.१४ मिलीग्रॅम आहे. भागाकार पंचवीसच्या जवळ. पण इथे एका बाजूला वाळलेली पूड आहे आणि दुसऱ्या बाजूला ओली जुडी. दुधाच्या सतरापट कॅल्शियमचंही हेच: भुकटीत सुमारे २००० मिलीग्रॅम, दुधात १२०.

एक वाटी खव्याची तुलना एक वाटी दुधाशी करून ‘खवा दुधापेक्षा किती पौष्टिक’ असं कोणी म्हटलं, तर घरातली आजीसुद्धा हसेल. खवा म्हणजे पाणी उडालेलं दूधच. शेवग्याच्या ताज्या पानात तीन चतुर्थांश पाणी असतं. ते उडालं की चार किलो पाल्याची एक किलो भुकटी होते, आणि जे टिकाऊ आहे ते साहजिकच चौपट दाट दिसतं. पालकात तर नव्वद टक्क्यांहून जास्त पाणी. तोही वाळवून दळला तर पंचवीसपटीचा डोलारा त्याच दिवशी कोसळेल.

आता क जीवनसत्त्वाकडे परत येऊ. ते उष्णता, हवा आणि उजेड यांना लगेच बळी पडतं. २२० मिलीग्रॅम असलेलं पान वाळून भुकटी झालं, की १०० ग्रॅममागे १७ मिलीग्रॅमच्या आसपास उरतं. पाकिटात आहे भुकटी. म्हणजे ज्या तक्त्यानं संत्र्याला सातपटीनं हरवलं, त्याच तक्त्याप्रमाणे पाकिटातला माल संत्र्यासमोर हरतो. ओल्या पानाचा विजय आणि वाळक्या पानाचा विजय एकाच पाकिटावर शेजारीशेजारी छापले आहेत. केळ्याच्या पंधरापटीत आणखी एक मेख आहे. त्या भागाकारात १०० ग्रॅम केळ्याचं पोटॅशियम ८८ मिलीग्रॅम धरलंय. अमेरिकी कृषी खात्याच्या तक्त्यात ते ३५८ आहे. तो आकडा घातला तर पंधरापटीचं चारपटही राहत नाही, आणि तेही वाळवून.

चौकट : एक चमचा भुकटी, एक वाढप भाजी

भरगच्च चमचाभर, म्हणजे ५ ग्रॅम भुकटीत: प्रथिनं सव्वा ग्रॅमच्या थोडी वर, कॅल्शियम सुमारे १०० मिलीग्रॅम, लोह सुमारे दीड मिलीग्रॅम, क जीवनसत्त्व १ मिलीग्रॅमपेक्षा कमी.

१०० ग्रॅम ताज्या पाल्यात: प्रथिनं ६ ते ९ ग्रॅम, कॅल्शियम १८५ ते ४४० मिलीग्रॅम, क जीवनसत्त्व ५० ते २२० मिलीग्रॅम (शिजवण्यापूर्वी). लोहाचे आकडे सगळ्यांत विस्कळीत, १ च्या खालपासून ७ मिलीग्रॅमपर्यंत. अलीकडच्या तक्त्यांत ४ च्या आसपास. जात, जमीन, पानाचं वय आणि पानावरची धूळ यांनी हे आकडे हलतात.

तुलनेसाठी: पेलाभर दुधात कॅल्शियम २४० मिलीग्रॅमच्या आसपास. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढ स्त्रीची लोहाची रोजची गरज २९ मिलीग्रॅम, पुरुषाची १९.

भुकटी निघाली कुठून

ही भुकटी मुळात जाहिरातवाल्यांच्या डोक्यातून निघालेली नाही. पश्चिम आफ्रिकेत सेनेगलमध्ये १९९० च्या दशकात लोवेल फुगली आणि चर्च वर्ल्ड सर्व्हिस ही संस्था कुपोषित मुलं आणि गरोदर बायांसाठी काम करत होती. तिथे कोरडा हंगाम लांब असतो. शेतात हिरवं काही उरत नाही, दूध आणि मांस महाग असतं. शेवगा मात्र अशा दिवसांतही पालवतो, कारण त्याचं सोटमूळ खोल जातं आणि जाड मुळात पाणी साठवलेलं असतं. पाला सावलीत वाळवून ठेवला तर वर्षभर पुरतो आणि बाळाच्या पेजेत चमचाभर टाकता येतो. फुगली यांचं ‘मिरॅकल ट्री’ हे पुस्तक १९९९ मध्ये डाकारहून निघालं आणि चमत्काराचं झाड ही बिरुदावली तिथून जगभर गेली. पुढे २०१२ मध्ये खुद्द फिडेल कास्ट्रोंनी आपल्या लेखणीतून शेवग्याची भलामण केली.

जिथे सहा महिने हिरवी भाजी दिसतच नाही, तिथे भुकटी ही शहाणपणाची युक्ती आहे. जिथे मेथी, राजगिरा, माठ, अंबाडी आणि अंगणातला शेवगा बारा महिने आलटून-पालटून मिळतो, तिथे तीच भुकटी महाग हौस ठरते. झाडात बदल झालेला नाही, गरज बदलली आहे. आपल्याकडे शेवग्याला पार हरभऱ्याच्या झाडावर चढवलं गेलं, ते या फरकाकडे कोणी पाहिलं नाही म्हणून.

आणि खरं तर हे झाड आपल्याकडचंच. हिमालयाच्या पायथ्याचा वायव्य पट्टा हे त्याचं मूळस्थान. तिथून ते उष्ण कटिबंधात सगळीकडे गेलं. सिंधुदुर्गात गोकुळाष्टमीचा उपास सुटतो तो आंबोळ्या, काळ्या वाटाण्याचं सांबारं आणि शेगलाच्या भाजीवर. शेगूल म्हणजे शेवगाच. श्रावणात झाड कोवळ्या पाल्यानं लगडलेलं असतं, त्यामुळे या बेताला पंचांगाइतकाच झाडाचाही आधार आहे.

पोटात गेलेलं लोह रक्तात जातं का

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. त्यामुळे शेवग्याबद्दल सगळ्यांत जास्त विचारला जाणारा प्रश्न लोहाचाच असतो, आणि इथेच तक्ता कमी पडतो. तक्ता सांगतो पानात किती आहे. आतड्यानं त्यातलं किती उचललं, हे तो सांगत नाही.

वनस्पतींमधलं लोह बहुतेक फेरिक रूपात असतं. या रूपात ते आतड्याच्या भिंतीतून आत शिरत नाही. आधी त्याचं फेरस रूप व्हावं लागतं. क जीवनसत्त्व हे रूपांतर घडवतं आणि लोहाला विरघळलेल्या स्थितीत धरूनही ठेवतं. उलट बाजूला धान्य-कडधान्यांतलं फायटेट आणि चहातलं टॅनिन लोहाला चिकटून बसतात आणि त्याला तसंच बाहेर घेऊन जातात. म्हणून शेवग्याच्या भाजीवर लिंबू पिळलं, सोबत कच्ची कोशिंबीर किंवा पेरूची फोड असली, तर त्याच भाजीतून मिळणारं लोह ठळकपणे वाढतं. जेवण झाल्या झाल्या चहा घेतला, की घटतं. भाजीवर पिळलेलं लिंबू असं चवीपलीकडेही काम करून जातं.

कॅल्शियमच्या बाबतीत शेवगा पालकाला खरोखर मागे टाकतो, पण पाकीट सांगतं त्या कारणानं नव्हे. पालकात ऑक्झॅलिक आम्ल भरपूर. ते कॅल्शियमला पकडून न विरघळणारे खडे बनवतं. एका गाजलेल्या प्रयोगात दुधातलं सुमारे २७ टक्के कॅल्शियम शरीरानं घेतलं आणि पालकातलं जेमतेम ५ टक्के. शेवग्याच्या पानात विरघळणारं ऑक्झलेट पालकाच्या मानानं फारच कमी, त्यामुळे पानातलं कॅल्शियम बंदिस्त होण्याचा धोकाही कमी.

पानाचा गडद हिरवा रंग बीटा-कॅरोटिन झाकून ठेवतो. हे गाजराला केशरी करणारं द्रव्य. शरीर त्यापासून अ जीवनसत्त्व बनवतं. ते पाण्यात विरघळत नाही, त्याला तेल लागतं. नुसत्या पाण्यात उकडून मिठाबरोबर खाल्लेल्या पाल्यातलं कॅरोटिन बरंचसं वाया जातं. चमचाभर तेलाची फोडणी आणि वर मूठभर ओलं खोबरं, एवढ्यानं काम होतं. वजन कमी करायच्या नादात तेल पूर्ण काढून टाकणाऱ्यांनी इथे थोडं थांबावं. कडक उन्हात वाळवलेल्या पाल्याचं कॅरोटिनही उडतं. भुकटी पिवळट दिसत असेल तर ती उन्हातली समजावी.

मोहरीची नातलग

शेवग्याचं कोवळं पान कच्चं चावून बघा. आधी गवतासारखं लागतं, मग जिभेच्या मागच्या बाजूला किंचित चुरचुरतं. हा तिखटपणा मिरचीचा नव्हे, मोहरीचा आहे. वनस्पतिशास्त्रज्ञ शेवग्याला मोहरी, कोबी, मुळा यांच्याच गणात बसवतात.

मोहरी कोरडी असताना वास देत नाही. पाण्यात फेसली की नाकात झिणझिण्या येतात. याचं कारण असं, की मोहरीच्या पेशीत ग्लुकोसिनोलेट हे बिनतिखट द्रव्य एका कप्प्यात असतं आणि त्याला तोडणारं मायरोसिनेज हे विकर (रासायनिक क्रिया घडवून आणणारं प्रथिन) दुसऱ्या कप्प्यात. दाणा भरडला की भिंती मोडतात, दोघं भेटतात आणि आयसोथायोसायनेट हे झणझणीत द्रव्य तयार होतं. वनस्पतीनं ही तजवीज केली ती कुरतडणाऱ्या किड्यांसाठी. सुरवंटांनी मात्र ती फारशी मनावर घेतलेली दिसत नाही.

शेवग्याच्या पानातही हेच दोन कप्पे आहेत. फरक एवढाच, की पानातल्या आयसोथायोसायनेटच्या रेणूला एक साखर जोडलेली असते. त्यामुळे ते हवेत उडत नाही, नाकात जात नाही, जिभेवरच राहतं. मुळातल्या द्रव्याला ही साखर नसते, म्हणून शेवग्याचं मूळ ठेचलं की डोळ्यांत पाणी येतं. इंग्रजी अमदानीत इथले गोरे साहेब मायदेशातल्या हॉर्सरॅडिश नावाच्या तिखट कंदाऐवजी हेच मूळ किसून मांसाबरोबर खात. ती हौस त्यांच्याबरोबर गेली ते बरं झालं, कारण मुळात आणि सालीत विषारी अल्कलॉइड असतात. गरोदरपणात तर मूळ आणि साल कोणत्याही रूपात घेऊ नये.

पानातल्या या द्रव्यावर प्रयोगशाळेत बरंच काम झालं आहे. पेशींवर आणि उंदरांवर त्याचे दाह कमी करणारे परिणाम दिसले. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाचे जेड फाही यांनी २००५ मध्ये शेवग्यावरच्या वैद्यकीय पुराव्यांचा आढावा घेतला. स्वतः या झाडाचे चाहते असूनही त्यांनी स्पष्ट लिहिलं, की माणसांवरच्या बहुतेक दाव्यांना शिस्तशीर चाचण्यांचा आधार नाही. नंतर मधुमेहींवर काही प्रयोग झाले. त्यांतल्या काहींमध्ये जेवणानंतरची साखर थोडी कमी चढली. पण प्रयोग लहान आणि भुकटीचं प्रमाण दर ठिकाणी वेगळं. फिलिपिन्समध्ये बाळंतिणीला शेवग्याचा पाला घातलेलं कोंबडीचं सार देतात. तिथल्या छोट्या चाचण्यांत सुरुवातीच्या दिवसांत दूध वाढल्याचं दिसलं, तरी तेवढ्यावरून औषध म्हणावं असं काही हाती येत नाही.

आयुर्वेदाच्या संहितांत शिग्रु, म्हणजे शेवगा, आहे. त्याला उष्ण आणि तीक्ष्ण म्हटलं आहे. ‘तीनशे रोगांवर रामबाण’ ही भाषा मात्र पाकिटाची आहे. ज्या औषधानं तीनशे रोग बरे होतात, त्याचा तीनशेपैकी एकावर तरी नीट प्रयोग दाखवा, असं विचारायला हरकत नाही.

आणखी एक गोष्ट. साखरेच्या किंवा रक्तदाबाच्या गोळ्या चालू असताना रोज भुकटी किंवा अर्काच्या कॅप्सूल घेणाऱ्यांनी ते डॉक्टरांना सांगावं, कारण दोन्हींचा परिणाम एकाच दिशेनं होऊ शकतो. रक्त पातळ करणारी वॉर्फरिनची गोळी घेणाऱ्यांना तर कोणतीही गडद हिरवी पालेभाजी अचानक वाढवून चालत नाही. त्यातलं के जीवनसत्त्व त्या गोळीच्या विरुद्ध काम करतं. आठवड्यातून एकदोनदा भाजी खाणाऱ्यांनी यातलं काही मनाला लावून घेऊ नये.

आणि शेंग?

पाल्याच्या कौतुकात शेंग मागे पडते. तिच्यात प्रथिनं आणि कॅल्शियम पाल्याच्या मानानं किरकोळ आहेत, पण क जीवनसत्त्व चांगलं: कच्च्या शेंगेत १०० ग्रॅममागे १२० ते १४० मिलीग्रॅम. ते पाण्यात उतरतं, म्हणून आमटीतल्या शेंगा चघळून आमटी वाटीत तशीच ठेवणाऱ्यानं निम्मा माल सोडला असं समजावं. बाहेरची साल लाकडासारखी चिवट. ती टाकण्याजोगीच आहे.

शेंग झाडावरच वाळू दिली की आत तीन पंखांचं बी तयार होतं, आणि या बियांचा गुण पाहण्यासारखा आहे. गढूळ पाण्यातल्या मातीच्या कणांवर ऋणभार असतो. त्यामुळे ते एकमेकांना ढकलत तरंगत राहतात, तळाला बसत नाहीत. शेवग्याच्या बीमधल्या एका प्रथिनावर धनभार असतो. बी सोलून, कुटून, थोड्या पाण्यात कालवून ते पाणी गाळून गढूळ पाण्यात ढवळलं, की कण प्रथिनाला चिकटतात, त्यांचे गोळे होतात आणि तास-दोन तासांत गाळ खाली बसतो. सुदानमधल्या बायका नाईलचं पाणी असंच नितळ करत. सामिया अल अझारिया यान या संशोधिकेनं १९७० आणि ८० च्या दशकांत त्यावर पद्धतशीर अभ्यास केला. गाळाबरोबर पुष्कळसे जंतूही तळाला जातात. सगळे जात नाहीत, त्यामुळे पाणी नंतर उकळावंच लागतं.

पाला हाताशी

शेवग्याची भाजी लोक टाळतात त्याचं खरं कारण पाल्याची निवड. पान पिसासारखं तीनदा फाटलेलं, आणि नखाएवढ्या पानांखाली दोऱ्यासारखे चिवट देठ. ते भाजीत राहिले की घशाला टोचतात. यावर कोकणातल्या बायकांकडे सोपा तोडगा आहे. डहाळ्या रात्री जुन्या लुगड्यात घट्ट गुंडाळून ठेवायच्या. तोडलेल्या डहाळीवरच्या प्रत्येक पानाचा देठाशी असलेला सांधा रात्रभरात सैल पडतो. सकाळी फडकं झटकलं की पानं खाली, काड्या हातात. तासाभराचं काम पाच मिनिटांत होतं.

ही पानं चिरावी लागत नाहीत. तेलात लसूण, हिरवी मिरची आणि भरपूर कांदा परतायचा, भिजवलेली मुगाची डाळ वाफेवर अर्धी शिजू द्यायची, मग पाला घालायचा. पाणी घालायचं नाही, झाकण थोडं उघडं ठेवायचं आणि पाच-सात मिनिटांत उतरवायचं. जास्त शिजवलं तर क जीवनसत्त्व जातं आणि भाजी कडवट होते. ओलं खोबरं आणि लिंबू शेवटी.

झाड लावायचं तर पावसाच्या तोंडावर हातभर लांबीची, मनगटाएवढी जाड फांदी पाणी न तुंबणाऱ्या जागी रोवायची. बियांपासून लावायचं असेल तर दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाची कोकण रुचिरा किंवा तमिळनाडूतली पीकेएम-१ या जाती मिळतात. रोप कमरेएवढं झालं की शेंडा खुडायचा, आणि पुढे दर वर्षी छातीच्या उंचीवर छाटायचं. न छाटलेला शेवगा सरळ वीस-पंचवीस फूट जातो, पाला हाताला येत नाही, आणि लाकूड इतकं ठिसूळ की चढणारा फांदीसकट खाली येतो. सुरवंट झाले तर ते दिवसा खोडावर एकाच जागी दाटीनं बसलेले असतात. बांबूला बांधलेला पेटता बोळा किंवा साबणाच्या पाण्याची जोरदार फवारणी तेवढ्या जागेवर पुरते. मग सोसायटीच्या सभेत दुसरा विषय घेता येतो.